टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड कसा ठरवावा? (खोक्यावर ३५००, गाडीत २९००)

माणदेशी (धागाकर्ता)

नमस्कार. ड्रॅग रेसिंगच्या गाडीसाठी टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागाचा) स्टॉल स्पीड, म्हणजे गाडी जागेवर असताना पूर्ण पेडलला इंजिन ज्या आरपीएमला अडते तो आकडा, कसा ठरवावा, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे आणि त्यासाठी आधी माझी फजिती सांगणे भाग आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले नोव्हा आहे आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा मी ती मिलान येथील पट्टीवर पाव मैल पळवतो. माझ्यासकट गाडीचे वजन ३५०० पाउंड भरते. इंजिन ३५० घन इंचांचे स्मॉल ब्लॉक असून डायनोवर (शक्ती मोजण्याच्या यंत्रावर) त्याने ४००० आरपीएमला ३९० पाउंड-फूट टॉर्क आणि ५६०० ला ३४० हॉर्सपॉवर दाखवली. गिअरबॉक्स टर्बो ३५० (हे तीन गिअरच्या ऑटोमॅटिकचे नाव, टर्बोचार्जर नव्हे), मागचा गिअर ३.७३, मागचे टायर २६ इंच उंचीचे ड्रॅग रेडियल. गिअर मी ५८०० ला बदलतो.

गेल्या हिवाळ्यात जुन्या सुट्या भागांच्या एका बाजारात मी दहा इंची कन्व्हर्टर विकत घेतला. खोक्यावर मार्करने ३५०० लिहिले होते आणि आपल्या गाडीत तो बरोबर तेवढाच देत असे, असे विकणाऱ्याने शपथेवर सांगितले. माझ्या गाडीत मात्र हिरवा दिवा लागताच पेडल पूर्ण दाबले की काटा २९०० ला थबकतो आणि मग गाडी आळस झटकल्यासारखी पुढे सरकते. पहिल्या ६० फुटांना २.१७ सेकंद लागतात, पाव मैल १३.८१ सेकंदांत होतो आणि शेवटी वेग ताशी १०४ मैल असतो. माझी फसवणूक झाली, कन्व्हर्टर खराब आहे, की माझेच काही चुकते आहे?

जुना फिटर

दोन प्रश्न विचारतो, बाकीचे नंतर. विकणाऱ्याच्या गाडीत कोणते इंजिन होते? आणि २९०० हा आकडा तुम्ही ब्रेक दाबून मोजलात की ब्रेक सोडून?

माणदेशी

त्यांच्या गाडीत ४५४ घन इंचांचे बिग ब्लॉक होते. ब्रेक दाबून मोजण्याचा प्रयत्न मी केला, पण २४०० च्या आसपासच मागची चाके ब्रेकला न जुमानता फिरू लागतात. म्हणून सीटमागच्या सळईला फोन बांधून टॅकोमीटरचे चित्रण केले आणि घरी ते हळू गतीने पाहिले. काटा २९०० पर्यंत झपकन चढतो, तिथे क्षणभर रेंगाळतो आणि मग गाडीच्या वेगाबरोबर वर जातो.

भीमथडी

एक शंका. कन्व्हर्टरच्या आतल्या स्टेटरचा (परतणारे तेल वळवणाऱ्या चक्राचा) एकदिशा क्लच गेला असला तर हेच लक्षण दिसते ना? आमच्या ओळखीच्या एका ट्रकमध्ये तसे झाले होते. उठाव पार मेला होता आणि मालकाने विनाकारण कार्बोरेटर दोनदा उघडला.

जुना फिटर

भीमथडी यांची शंका योग्य आहे, म्हणून आधी तीच निकालात काढतो. स्टेटरचा क्लच धरेनासा झाला, तर तेल परत फिरताना पंपाच्या मदतीला येण्याऐवजी आडवे येते. टॉर्क वाढत नाही, स्टॉल फार खाली येतो आणि सुटताना गाडीचा जीव गेल्यासारखा वाटतो. उलट तोच क्लच दोन्हीकडे जाम झाला, तर गाडी सुटते छान, पण वेग वाढल्यावर अडखळते आणि तेल तापते. माणदेशी यांच्या गाडीचा शेवटचा वेग ताशी १०४ मैल आहे, आणि ३५०० पाउंडांच्या गाडीला एवढ्या वेगासाठी साधारण ३०० हून थोडी अधिक हॉर्सपॉवर पुरते. म्हणजे वरच्या टोकाला काही बिनसलेले नाही. खालच्या टोकाचा आकडा गणिताने जुळतो का ते पाहू.

ताक घुसळताना रवी जितकी जोरात फिरवावी तितका हात जड होतो, हे आपण सगळ्यांनी घरात पाहिलेले आहे. कन्व्हर्टरचा पंप म्हणजे इंजिनाला जोडलेली रवीच. गाडी जागची हललेली नसताना समोरची टर्बाइन स्थिर असते, पंप तिच्यावर तेल फेकत राहतो आणि त्याला होणारा विरोध आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आरपीएम दुप्पट झाले की विरोध चौपट. हा विरोध आणि त्या क्षणी इंजिन देऊ शकते तो टॉर्क जिथे समसमान होतात, तिथे इंजिन अडते. तोच स्टॉल स्पीड. रवी तीच ठेवली आणि घुसळणारा हात अधिक दणकट आणला, तर ती अधिक वेगाने फिरेल, हे ओघाने आले.

म्हणून आमच्या कामात आरपीएमला टॉर्कच्या वर्गमुळाने भागतात. येणाऱ्या आकड्याला के-फॅक्टर म्हणतात आणि एका कन्व्हर्टरपुरता तो बव्हंशी कायम राहतो. विकणाऱ्याचे ४५४ तिथे ५२० पाउंड-फूट देत होते असे धरू. ५२० चे वर्गमूळ २२.८, आणि ३५०० ला त्याने भागले की साधारण १५४ येतात. तुमचे ३५० इंजिन २९०० च्या आसपास फार तर ३५० पाउंड-फूट देत असेल. त्याचे वर्गमूळ १८.७, त्याला १५४ ने गुणा: २८८०. तुमच्या फोनने २९०० दाखवले. कन्व्हर्टर धडधाकट आहे आणि विकणारा खरे बोलत होता. फक्त तो आकडा त्याच्या इंजिनाचा होता.

माणदेशी

हे वाचून मनावरचे ओझे उतरले आणि खिशावरचे वाढले. म्हणजे मला दुसरा कन्व्हर्टर घ्यावा लागणार. मग किती आकड्याचा मागू?

रेषेपाशी

मी ओहायोत ब्रॅकेट रेसिंग (आधी स्वतःच सांगितलेल्या वेळेच्या जवळात जवळ धावण्याची शर्यत) करतो, त्यामुळे माझे मत जरा वेगळे आहे. माझ्या गाडीत पॉवरग्लाइड गिअरबॉक्स आहे, आठ इंची कन्व्हर्टर आहे आणि ट्रान्सब्रेकवर तो ५२०० देतो. आपण घाबरत घाबरत ३२०० घ्याल आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा वर काढाल, त्यापेक्षा एकदाच ४५०० घ्यावा. सैल, म्हणजे जास्त स्टॉलच्या, कन्व्हर्टरवर गाडी दर खेपेला सारखीच सुटते, आणि ब्रॅकेटमध्ये सातत्यालाच किंमत आहे.

ट्रान्सब्रेक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिअरबॉक्समध्ये पहिला आणि उलटा असे दोन्ही गिअर एकाच वेळी लागतात, त्यामुळे चाकांचा ब्रेक न लावताही गाडी जागेवर जखडून राहते आणि इंजिन खऱ्या स्टॉलपर्यंत चढवता येते. बटण सोडले की उलटा गिअर सुटतो आणि गाडी निघते.

जुना फिटर

रेषेपाशी यांची गाडी ट्रेलरवरून पट्टीवर येते. माणदेशी, तुमची गाडी स्वतःच्या चाकांवर जाते की ट्रेलरवर?

माणदेशी

स्वतःच्या चाकांवर जाते. ट्रेलर नाही, तो ओढायला ट्रक नाही, आणि दोन्ही ठेवायला घरी जागाही नाही.

जुना फिटर

मग ४५०० विसरा. तुमच्यासारख्या गाडीचा आकडा कसा काढावा, तेही लिहितो.

पहिले टोक टॉर्कचे. तुमच्या इंजिनाचा टॉर्क ४००० ला शिगेला पोहोचतो, त्यामुळे सुटताना इंजिन त्या शिगेच्या जवळपास उडी मारून पोहोचले पाहिजे. या उडीलाच फ्लॅश म्हणतात आणि तुम्ही फोनवर टिपलात तो हाच. ट्रान्सब्रेक नसलेल्या अशा गाडीला खरा स्टॉल सहसा दिसत नाही, कारण मागची चाके त्याआधीच ब्रेक मोडून काढतात. तेव्हा बनवणाऱ्याशी बोलताना फ्लॅशचा आकडा सांगतो आहोत हे स्पष्ट करा, नाहीतर तो एका आकड्याविषयी बोलेल आणि तुम्ही दुसऱ्या.

दुसरे टोक गिअर बदलण्याचे आहे आणि लोक नेमके तेच विसरतात. टर्बो ३५० चे गिअर २.५२, १.५२ आणि १. पहिल्यातून दुसऱ्यात ५८०० ला गेलात तर हिशेबाने इंजिन ३५०० वर येते, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलात तर ३८१५ वर. कन्व्हर्टरचा फ्लॅश ३६००-३७०० असला, तर गिअर बदलल्यावर इंजिन त्याच्याखाली पडणारच नाही. सबंध पाव मैल ते टॉर्कच्या भरल्या भागात राहील. आज पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन ३५०० च्या घरात येतेच, त्यामुळे पुढे तुमचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते २९०० पासून सुरू होणाऱ्या पहिल्या ६० फुटांत. रेषेपाशी यांच्या पॉवरग्लाइडला दोनच गिअर आणि पहिला १.७६ चा, म्हणून त्यांना एवढा सैल कन्व्हर्टर लागतो. तिथे तो बरोबरच आहे.

तिसरी गोष्ट शेवटच्या रेषेवरची घसर, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये इंजिनाच्या मानाने गिअरबॉक्स किती मागे राहतो ते. ताशी मैल गुणिले मागचा गिअर गुणिले ३३६, भागिले टायरची इंचातली उंची, असे केले की अजिबात घसर नसताना इंजिन किती फिरेल ते कळते. तुमच्या गाडीचे १०४ मैलांना ५०१३ येतात. टॅकोमीटर तिथे किती दाखवतो?

माणदेशी

चित्रणात ५२०० दिसतात.

जुना फिटर

म्हणजे घसर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. कन्व्हर्टर तुमच्या इंजिनासाठी फार घट्ट आहे, याचा हा दुसरा पुरावा झाला. चांगल्या बनावटीच्या सैल कन्व्हर्टरवर ही घसर पाच ते आठ टक्क्यांत बसावी. दहाच्या वर गेली की शक्ती तेल तापवण्यात चालली आहे असे समजावे. एक पुस्ती जोडतो: मऊ बाजूंचे जुन्या धाटणीचे स्लिक टायर वेगात फुगतात आणि त्यांची उंची वाढते, त्यामुळे हा हिशेब त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. रेडियल फारसे फुगत नाहीत.

तेल किती तापते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. तीनशे हॉर्सपॉवरमधली आठ टक्के घसर म्हणजे २४ हॉर्सपॉवर, म्हणजे जवळजवळ १८ किलोवॅट. घरातले दोन किलोवॅटचे नऊ गीझर एकदम लावल्यासारखे ते आहे. आणि जागेवर उभे राहून पूर्ण पेडल दाबून स्टॉल तपासताना इंजिनाची सगळीच शक्ती तेलात जाते. ३६०० च्या कन्व्हर्टरवर, ब्रेकने चाके धरलीच तर, तुमच्या इंजिनाचे ते शंभर गीझर होतील. म्हणून ती तपासणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नये, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल फिरू द्यावे. वेगळा तेलाचा कूलर लावल्याशिवाय सैल कन्व्हर्टर रस्त्यावर आणू नका.

मीनल

मी कोलोरॅडोत असते आणि याच हिशेबाची आणखी एक बाजू इथे अनुभवली आहे. डेन्व्हरजवळची बँडिमिअर पट्टी, जी २०२३ च्या हंगामानंतर बंद झाली, समुद्रसपाटीपासून सुमारे ५८०० फुटांवर होती. त्या उंचीवर हवा साधारण सोळा टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्कही जवळपास तेवढाच घटतो. स्टॉल वर्गमुळाने घटत असल्यामुळे तो आठ टक्क्यांच्या आसपास खाली येतो. सखल भागात ३००० देणारा कन्व्हर्टर इथे २७५० देतो, आणि पाहुणे येऊन कन्व्हर्टर बिघडला म्हणून हळहळतात. माणदेशी यांना मिशिगनमध्ये हा प्रश्न नाही, पण बनवणाऱ्याला आपण कोणत्या पट्टीवर धावतो ते जरूर सांगावे.

माझाही एक प्रश्न आहे. महामार्गावर ३६०० चा कन्व्हर्टर म्हणजे ३६०० होईपर्यंत गाडी हलणारच नाही, असे आमच्या इथले लोक छातीठोकपणे सांगतात. हे खरे आहे का?

जुना फिटर

नाही, आणि हा गैरसमज कितीही खोडून काढला तरी उगवतोच. ३६०० हा पूर्ण पेडलचा आकडा आहे. ३६०० ला ३८५ पाउंड-फूट धरले तर के-फॅक्टर १८४ च्या जवळ येतो. सिग्नलवरून आरामात निघताना इंजिन १०० पाउंड-फूट देत असेल, तर त्याचे वर्गमूळ १०, म्हणजे गाडी १८४० ला ओढू लागते. थोडे सैल वाटेल, चढावर इंजिनाचा आवाज आधी आणि गाडी मागून असे होईल, पण गाडी चालेल. शिवाय ३.७३ गिअर आणि २६ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना तुमचे इंजिन ३१०० च्या वरच फिरते, तिथे कन्व्हर्टर जवळजवळ जुळलेला असतो.

पुणेरी पिस्टन

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅगमध्ये आम्ही मित्र भाग घेतो. आमच्यापैकी एकाची गाडी दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची आहे आणि दुसऱ्याची टर्बो पेट्रोल, सहा गिअरच्या साध्या ऑटोमॅटिकची. यांपैकी कोणाला स्टॉल स्पीडचा विचार करावा लागतो?

जुना फिटर

दुहेरी क्लचच्या गाडीत कन्व्हर्टरच नाही, तेव्हा तिला स्टॉलही नाही. तिथे क्लच किती घसरू द्यायचा ते संगणक ठरवतो. दुसऱ्या गाडीत कन्व्हर्टर आहे, आणि टर्बोमुळे तिचा स्टॉल निघण्याच्या क्षणी किती बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) तयार आहे यावर हलतो. डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने थोडे पेडल दिले की बूस्ट चढतो, टॉर्क वाढतो आणि स्टॉलही वर सरकतो. दोन सेकंदांहून अधिक धरू नका. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांत संगणक टॉर्क आवरतोच, त्यामुळे कन्व्हर्टर बदलण्याच्या खर्चात पडू नये असे माझे मत आहे.

रेषेपाशी

मी ४५०० चे मत मागे घेतो. ट्रेलरचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. फक्त एक सांगतो. फ्लॅश वाढला की पहिल्या ६० फुटांत टायरवर येणारा जोर बदलतो, तेव्हा टायरमधल्या हवेचा आणि मागच्या शॉकचा विचार त्याच वेळी करा. आणि पहिल्या ६० फुटांत वाचलेल्या दर एक दशांश सेकंदामागे पाव मैलात साधारण दीड ते दोन दशांश सेकंद वाचतात, पण शेवटचा वेग वाढत नाही, किंचित कमीच होतो. वेग वाढला नाही म्हणून कन्व्हर्टरला दोष देणारे लोक मी पाहिले आहेत.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. कन्व्हर्टर बनवून घेतला, बसवला आणि काल पट्टीवरही जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

बनवणाऱ्याने दोन पानांचा तक्ता भरून मागितला. त्यात गाडीचे वजन, गिअर, टायर, कॅमची मापे, डायनोचा आलेख, पट्टीची उंची, गाडी रस्त्यावर किती चालते, हे सगळे होते. हॉर्सपॉवर फुगवून लिहिण्याचा मोह झाला होता, पण फुगवलेल्या आकड्यावर बनवलेला कन्व्हर्टर माझ्या खऱ्या इंजिनाला घट्ट पडला असता, आणि तो धडा मी एकदा घेतलेला होता. कोणता आकडा हवा या रकान्यात मी ‘फ्लॅश ३६०० ते ३७००, फक्त फूटब्रेक’ असे लिहिले.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये आधी एक लिटर तेल ओतले आणि तो फिरवत फिरवत आत ढकलला. दोन खटके लगेच बसले. तिसरा बसेना. गाडीखाली पाठीवर पडून, डोळ्यांत तेलाचे थेंब घेत, वीस मिनिटे तो हलवत राहिलो आणि अखेर ‘टक्’ असा जाड आवाज येऊन कन्व्हर्टर बोटभर आत गेला. तिसरा खटका न बसताच बोल्ट आवळले असते तर गिअरबॉक्सच्या पंपाचा चुरा झाला असता. फ्लेक्सप्लेटपासूनचे (इंजिनाच्या टोकाच्या तबकडीपासूनचे) अंतर त्यानंतर ५/३२ इंच भरले. कूलर रेडिएटरच्या पुढे लावला आहे.

काल चार खेपा केल्या. फोनमध्ये काटा ३६५० ला रेंगाळताना दिसतो. सर्वांत चांगली खेप अशी: ६० फूट १.८६ सेकंदांत, पाव मैल १३.२९ सेकंदांत, वेग ताशी १०३.७ मैल. रेषेवर टॅकोमीटर ५३८० दाखवतो, म्हणजे घसर सात टक्के. तिसऱ्या खेपेला टायर सुटले आणि वेळ १.९८ झाली, रेषेपाशी यांनी सांगितल्याप्रमाणे हवा दोन पाउंडांनी कमी केली, तेव्हा चौथी नीट गेली. घरी परतताना महामार्गावर तेलाचा काटा ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेला नाही.

जुना फिटर

१.८६ ला आता टायरच आडवे येत आहेत, कन्व्हर्टर नाही. गिअरबॉक्सचे तेल पाचशे मैलांनंतर एकदा बदला आणि पॅन उघडून आत काय साचले आहे ते पाहा. नव्या कन्व्हर्टरमधून थोडी बारीक भुकटी निघते, ती चालेल, पण चकचकीत धातूचे तुकडे दिसले तर गाडी चालवू नका.

माणदेशी

तसेच करीन. जुना कन्व्हर्टर विकायचा आहे, ज्यांच्या गाडीत बिग ब्लॉक आहे त्यांनी निरोप द्यावा. खोक्यावरचा ३५०० मी खोडला आहे आणि त्या जागी ‘के १५४’ लिहिले आहे.